पूर्वसंशोधनाचा आढावा आणि वर्डची फाइल, दोन्ही हाताबाहेर गेलंय. आधी काय सावरू?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पाणी गळ्याशी आल्यावर धागा काढतेय.

पीएचडीचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, गेले सात महिने लिहितेय. विषय: घरून काम आणि त्याचा कामाच्या तासांवर व कामगिरीवर होणारा परिणाम. प्रबंध मराठीत. ६४ लेख वाचले, प्रत्येकावर इमानदारीत एकेक परिच्छेद लिहिला. मार्गदर्शकांनी प्रकरण परत पाठवलं. समासात एकच ओळ: "ही यादी झाली. आढावा कुठे आहे?"

हे कमी म्हणून की काय, त्यांनी सांगितलेले दोन परिच्छेद पुढेमागे केले आणि अख्ख्या फाइलने मान टाकली. अनुक्रमणिका मी हाताने टाइप केली होती, टिंबं देत देत. ती सगळी चुकली. तक्ता ४ आता तक्ता ३ च्या आधी आलाय. एका पानाच्या तळाशी नुसतं शीर्षक लटकतंय, मजकूर पुढच्या पानावर.

तर प्रश्न दोन. ६४ परिच्छेदांच्या यादीचा आढावा कसा करतात? आणि वर्डमध्ये हे सगळं न मोडता कसं ठेवतात?

खोडरबर
वाचतेय. माझंही प्रकरण दुसरंच, आणि समासातली ओळही जवळपास हीच. :(

टंकबहाद्दर
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो एका संध्याकाळचा आहे. पहिला नाही.

मला सांगा, शीर्षक मोठं आणि ठळक कसं केलंत? मजकूर निवडला, आकार १८, मग कंट्रोल+बी? तिथेच घोडं पेंड खातंय. तुम्हाला ते शीर्षक वाटतं. वर्डच्या लेखी तो जाड अक्षरांतला आणखी एक परिच्छेद. त्याला कुणी सांगितलंच नाही की हे शीर्षक आहे, तर तो अनुक्रमणिकेत काय घेणार?

होम टॅबवर स्टाइल्सची पट्टी असते. शीर्षकावर कर्सर ठेवा, 'हेडिंग १' वर टिचकी मारा. उपशीर्षकाला 'हेडिंग २', त्याखालच्याला 'हेडिंग ३'. दिसायला आवडलं नाही तर स्टाइलवर राइट क्लिक, 'मॉडिफाय'. एकदा बदला, प्रबंधभर बदलेल. एकेक शीर्षक हाताने रंगवत बसू नका.

हे झालं की बाकीचं आपोआप पदरात पडतं. 'रेफरन्सेस' टॅबमधून अनुक्रमणिका घाला, टिंबं आणि पृष्ठ क्रमांक तोच देईल. मजकूर हलला की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९. तळाशी लटकणाऱ्या शीर्षकाचा त्रासही जातो, कारण हेडिंगच्या स्टाइलमध्ये 'पुढच्या परिच्छेदासोबत राहा' ही सूचना आधीच भरलेली असते. आणि 'व्ह्यू'मध्ये 'नॅव्हिगेशन पेन' चालू करा. डावीकडे सगळी शीर्षकं दिसतील. त्यातलं एखादं माउसने धरून वर सरकवलंत तर त्याच्याखालचा सगळा मजकूर बरोबर जातो. कट-पेस्ट नाही, धास्ती नाही.

तक्त्यांचंही तेच. "तक्ता ३" हातानं लिहायचं नाही. 'इन्सर्ट कॅप्शन' वापरायचं आणि मजकुरात उल्लेख करताना 'क्रॉस-रेफरन्स'. मग तक्ते कितीही हलवा, शेवटी कंट्रोल+ए, एफ९. सगळे आकडे जागेवर.

अर्धविराम
टंकबहाद्दर, बरोबर पकडलंत, आकार १८ आणि कंट्रोल+बी. वर नवीन पान सुरू करायला एंटर. एका ठिकाणी मोजले, १७ एंटर आहेत.

आळशी कासव
१७ फक्त? माझ्या एम.ए.च्या प्रबंधात मध्यभागी आणायचं म्हणून स्पेसबार दाबून ठेवला होता. मजकूर मध्यभागी आला, मी कडेला लागलो.

टंकबहाद्दर
नवीन पानासाठी कंट्रोल+एंटर. त्याहून बरं, 'हेडिंग १' च्या स्टाइलमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगला 'पेज ब्रेक बिफोर' लावून टाका. प्रत्येक प्रकरण आपसूक नव्या पानावर.

फाइलमध्ये काय काय दडलंय ते बघायला कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा. प्रत्येक एंटर, स्पेस, टॅबची खूण उमटेल. पहिल्यांदा बघताना काळीज घट्ट करा.

निळी शाई
फाइलचं मार्गी लागतंय तर मी पहिल्या प्रश्नाकडे येते. प्रबंध तपासण्याचं काम बरीच वर्षं करतेय, तेव्हा समासातली ती ओळ मीही अनेकदा लिहिली आहे. लिहिणाऱ्याला ती टोचते हे माहीत आहे, पण दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

तुमचं प्रकरण न बघताही सांगते, त्यात साधारण असं असणार:

"ब्लूम आणि सहकाऱ्यांनी (२०१५) चीनमधील एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. त्यांना कामगिरीत १३ टक्के वाढ आढळली. गिब्ज, मेंगेल आणि सीमरोथ (२०२३) यांनी आयटी कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांना उत्पादकतेत घट आढळली."

एकही वाक्य चूक नाही. पण वाचणारा विचारतो, मग खरं काय? आणि तुम्ही तोवर पुढच्या लेखावर पोचलेल्या असता. लेखांना आपसात बोलू द्यायचं असतं, आणि तुमच्या परिच्छेदात ते शाळेच्या हजेरीसारखे ओळीने उभे आहेत.

आता तेच दोन लेख घेऊन:

"घरून काम केल्याने कामगिरी वाढते की घटते, हे कामाचे स्वरूप आणि निवडीचे स्वातंत्र्य यांवर अवलंबून असल्याचे दिसते. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक जण आपापले फोन घेतो. तेथे स्वतःहून नाव दिलेल्या कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, आणि त्या १३ पैकी सुमारे ९ टक्के वाढ विश्रांती व रजा कमी घेतल्याने प्रत्येक पाळीत अधिक मिनिटे काम झाल्यामुळे होती (ब्लूम व इतर, २०१५). याउलट, महासाथीत अचानक घरी बसावे लागलेल्या आयटी कर्मचाऱ्यांचे तास वाढले, परंतु एकूण काम फारसे बदलले नाही. म्हणजे तासामागील उत्पादकता घसरली (गिब्ज व इतर, २०२३)."

परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुमचं आहे बघा. लेखकांची नावं कंसात गेली. आणि हे लिहिताना मला एक गोष्ट दिसली जी यादीत कधी दिसली नसती. एका लेखात कामगिरी वाढली, दुसऱ्यात उत्पादकता घटली, पण कामाचे तास दोन्हीकडे वाढलेत. तुमचा विषय तासांचाच आहे ना? मग तुमच्या प्रकरणाचा कणा इथे असू शकतो.

वेबस्टर आणि वॉटसन यांचा २००२ सालचा या विषयावरचा लेख आहे, त्यांनी हाच फरक मांडलाय: लेखकामागून लेखक असा आढावा, आणि संकल्पनेमागून संकल्पना असा आढावा. लेख माहिती व्यवस्थापनाच्या नियतकालिकातला आहे, पण कुठल्याही शाखेच्या माणसाने वाचावा.

खोडरबर
निळी शाई ताई, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

कोपऱ्यातला
एक शंका काढतो, हलके घ्या. ताईंच्या नमुना परिच्छेदात "अवलंबून असल्याचे दिसते" हे जरा धाडसाचं आहे. त्या दोन अभ्यासांत फरक दोनच नाहीत. देश वेगळा, काळ वेगळा, कामगिरी मोजायची रीत वेगळी. एकात महासाथ आहे, दुसऱ्यात नाही. स्वेच्छा आणि कामाचं स्वरूप यांनीच फरक पडला हे कशावरून? दोन बिंदूंतून हवी ती रेघ काढता येते.

निळी शाई
कोपऱ्यातला, मान्य. "दिसते"ऐवजी "असू शकते" हवं होतं. आणि तुम्ही जो प्रश्न विचारलात, नेमका काय काय फरक आहे आणि त्यातला कुठला निर्णायक, तोच परिच्छेदात पुढे यायला हवा. असे काम वेगवेगळे पण सक्ती समान असलेले अभ्यास आहेत का? नसतील तर ती संशोधनातली फट. लोक "या विषयावर अद्याप संशोधन झालेले नाही" असं बेधडक लिहितात, आणि परीक्षक खिशातून तीन लेख काढतो. फट अशी दोन अभ्यासांच्या मध्ये बोट ठेवून दाखवायची असते.

अर्धविराम
मी हे दोन्ही लेख वाचलेत. खरंच वाचलेत. एक पान ९ वर आहे, दुसरा पान ३१ वर. मध्ये २२ पानं असल्यामुळे मला कधी जाणवलंच नाही की दोघांकडे तास वाढलेत.

पण ६४ लेखांचं असं कसं करू? दोन डोक्यात मावतात, ६४ नाही मावत.

निळी शाई
डोक्यात ठेवायचेच नाहीत. तक्ता करा. आडव्या ओळीत एकेक लेख, उभ्या रकान्यांत तुमचे प्रश्न. तुमच्यासाठी मी एवढे रकाने धरले असते: कोणाचा अभ्यास, काम कसलं, घरून काम स्वेच्छेने की सक्तीने, किती काळ, काय मोजलं आणि कसं मोजलं (माणसांनी स्वतः सांगितलं की संगणकावरची नोंद), तासांबद्दल काय सापडलं, कामगिरीबद्दल काय सापडलं. शेवटचा रकाना "मला काय खटकलं". तो सर्वात महत्त्वाचा, आणि तोच सगळे रिकामा सोडतात.

एकच लेख अनेक रकान्यांत बोलतो हे लक्षात असू द्या. ब्लूम यांच्याच लेखात बढतीचाही मुद्दा आहे: कामगिरी तेवढीच धरली तर घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. तुम्ही "१३ टक्के वाढ" एवढंच लिहून पुढे गेला असाल तर हे हातचं गेलं.

मग तक्ता आडवा वाचणं बंद, उभा वाचा. "स्वेच्छा की सक्ती" रकान्याची वरून खाली वाचलेली गोष्ट म्हणजे एक उपशीर्षक. लेख आडवे वाचलेत म्हणून यादी झाली.

संदर्भहीन
एवढं सगळं कशाला? ६४ पीडीएफ एआयला द्या, तक्ता तयार करून मागा, चहा ठेवा. चहाला उकळी यायच्या आत आढावा हजर.

प्रूफवाचक
संदर्भहीन, आयडी सार्थ केलात. :)

गंमत सोडा. तक्ता करायला त्याची मदत घ्यायला माझी हरकत नाही, पण प्रत्येक खाना मूळ लेखाशी ताडून बघायचा. संदर्भ मात्र चुकूनही मागू नये. मी संपादनाचं काम करतो. गेल्या काही महिन्यांत असे मजकूर आले की लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि लेख अस्तित्वातच नाही. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून बघितला तर भलत्याच विषयाचा लेख उघडतो.

पण हा रोग एआयच्या आधीचा आहे. एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांसाठी दिलेल्या नमुना साच्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक बनावट संदर्भ होता: व्हॅन डर गीर आणि इतर, २०००, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेबद्दल. असा लेखच नाही, नियतकालिकही नाही. तरी तो सुमारे ४०० वेळा उद्धृत झालेला सापडला. ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. बहुतेकांनी साचा उघडला, आपला मजकूर ओतला आणि नमुन्याची ती ओळ पुसायची राहिली. म्हणजे या धाग्याचे दोन्ही प्रश्न एकाच अपघातात!

आळशी कासव
४०० वेळा! माझ्या खऱ्या लेखाचा एकदाही उल्लेख नाही हो. पुढच्या वेळी मीही अस्तित्वात नसल्याचं जाहीर करतो.

कोपऱ्यातला
अवांतर: पालकाची गोष्ट माहीत असेलच. पालकात लोह खूप असतं हा समज म्हणे दशांश चिन्ह चुकल्यामुळे पसरला. ही गोष्ट वर्षानुवर्षं "मूळ स्रोत तपासा" हे शिकवायला सांगितली जाते. आणि दशांश चिन्हाच्या त्या चुकीलाच धड पुरावा नाही! ओले ब्यर्न रेकडाल यांचा २०१४ चा लेख आहे यावर, अशा विद्यापीठीय दंतकथा कशा पसरतात याबद्दल. चूक दाखवणारे सगळे एकमेकांचा हवाला देत होते, मुळाशी कुणी गेलंच नव्हतं.

खोडरबर
अगागा. म्हणजे मी "उद्धृत, अमुक यांच्याकडून" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे मूळ लेख काढून बघायला हवेत. असे किती आहेत ते सांगत नाही.

कानामात्रा
प्रबंध मराठीत आहे म्हणून दोन शब्द, कारण हे कुणी सांगत नाही आणि माणूस रडकुंडीला येतो.

टंकबहाद्दर म्हणाले तसं हेडिंगच्या स्टाइलमध्ये फॉन्ट बदलायला जाल आणि देवनागरी ढिम्म हलणार नाही. कारण वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिच्यासाठी फॉन्ट, आकार, ठळकपणा हे सगळं वेगळं साठवतो. मॉडिफायच्या खिडकीत खाली 'फॉरमॅट', त्यात 'फॉन्ट' उघडा. वर लॅटिन अक्षरांचा भाग, खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. मराठीचा फॉन्ट आणि आकार त्या खालच्या भागात द्यायचा. तो भाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडून घ्या.

दुसरं, मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं दिसतं मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट बदलला की सगळी गिचमिड. शोध चालत नाही, अकारविल्हे चालत नाही. जुना मजकूर असेल तर परिवर्तकातून काढा आणि नंतर डोळ्यांनी वाचा, जोडाक्षरं हमखास फसतात.

तिसरं जरा गमतीचं. "दऱ्या", "कर्मचाऱ्यांचे" यांतला रफार नसलेला र दोन रीतींनी टाइप होतो: ऱ, हलन्त, य असा, किंवा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य असा. पडद्यावर अगदी सारखे. पण वर्डमध्ये शोधताना एका रीतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या रीतीचा शोधून देईलच असं नाही. तुमच्या विषयात "कर्मचाऱ्यांचे" पानोपानी असणार. शब्द आहे हे माहीत असून सापडत नसेल तर वेड लागलंय असं समजू नका.

अर्धविराम
कानामात्रा, तुमचे पाय कुठे आहेत? गेल्या आठवड्यात "कर्मचाऱ्यांचे" शोधून मोजत होते, आकडा जुळेना. मला वाटलं मीच चुकतेय.

लेखणीमोड
इतका मनस्ताप करण्यापेक्षा लाटेक शिका, मजकुरात खुणा लिहिल्या की मांडणी करून देणारी प्रणाली. शीर्षकं, क्रमांक, संदर्भ, सगळं आपोआप. मी वर्ड उघडून सहा वर्षं झाली.

टंकबहाद्दर
आलेच! म्हटलं अजून कसे नाहीत.

लाटेक उत्तम आहे, विशेषतः समीकरणं असतील तर. पण मार्गदर्शक वर्डमध्ये 'ट्रॅक चेंजेस' लावून दुरुस्त्या करणार असतील तर बाई काय करणार? अर्ध्या प्रबंधावर वाहन बदलू नये. लिब्रेऑफिसही चालेल, स्टाइल्सचं तत्त्व तिथेही हेच. फक्त एकच फाइल आज यात, उद्या त्यात असं करू नका, मांडणी सरकते.

लेखणीमोड
मुद्दा मान्य, ट्रॅक चेंजेससाठी गप्प बसतो. पण संदर्भ तरी हाताने टाइप करू नका. एवढं ऐका.

निळी शाई
+१. झोटेरो घ्या, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, २००६ साली. डीओआय टाकला की लेखाची माहिती आपोआप भरते. वर्डमध्ये त्याची पट्टी बसते, तिथून संदर्भ घालायचा, शेवटची सूची तो बनवतो. आपोआप भरलेली माहिती एकदा नजरेखालून घालायची, कारण लेखकाचं नाव आणि आडनाव उलटसुलट होणं नेहमीचं. शिवाय तुमच्या संग्रहातला एखादा लेख मागे घेतला गेला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतो. रद्द झालेला लेख आधार म्हणून वापरण्याची नामुष्की टळते.

वर्डमध्ये आलेला संदर्भ हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या वेळी ताजा झाला की तुमची दुरुस्ती गायब. दुरुस्ती झोटेरोत करायची.

प्रूफवाचक
आणि शोधाची नोंद ठेवा. कुठल्या दिवशी, कुठल्या साठ्यात, कुठले शब्द टाकून शोधलं, किती सापडले, किती ठेवले. साधी वही चालेल. पद्धतशीर आढावा करणाऱ्यांसाठी प्रिझ्मा नावाची २७ कलमांची यादी आहे, २०२० मध्ये सुधारलेली. तुमचा आढावा त्या प्रकारचा नसेल तर सगळी कलमं पाळायची गरज नाही, पण "हे ६४ कुठून आले?" या प्रश्नाला उत्तर हवं.

शोधताना शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका, पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडा. घरून काम या एका गोष्टीला इंग्रजीत टेलिवर्क, टेलिकम्युटिंग, रिमोट वर्क, वर्क फ्रॉम होम अशी चार-पाच नावं आहेत. एकाच नावाने शोधलं असेल तर जुने लेख निसटलेत, टेलिकम्युटिंग हा शब्द १९७० च्या दशकातला आहे. आणि एक चांगला लेख मिळाला की दोन्ही दिशांना चाला: त्याने कुणाला उद्धृत केलं, आणि नंतर त्याला कुणी उद्धृत केलं. गूगल स्कॉलरवर लेखाखालीच 'साइटेड बाय' असतं. नवा शोध टाकूनही तेच ते लेख परत दिसू लागले की थांबायची वेळ आली.

कोपऱ्यातला
निळी शाई, आणखी एक मतभेद. संकल्पनेनुसारच मांडणी, हे सगळीकडे लागू नाही. मी इतिहासवाला. एखादी कल्पना कशी बदलत गेली हेच सांगायचं असेल तर कालक्रमच हवा. तिथे लेखकामागून लेखक म्हणजे आळस नव्हे.

निळी शाई
बरोबर. पण मग दर वळणाला "का बदलली" हे हवं. नुसत्या तारखा चढत्या क्रमाने लावल्या तर तीही यादीच.

खोडरबर
रच्याकने, सगळी प्रकरणं एका फाइलमध्ये ठेवायची की वेगळ्या? माझी एक फाइल मागे उघडेनाशी झाली होती, तेव्हापासून धसका घेतलाय.

टंकबहाद्दर
मी एकाच फाइलच्या बाजूचा. क्रॉस-रेफरन्स आणि क्रमांक नीट राहतात. वर्डमध्ये वेगवेगळ्या फाइली एकत्र बांधणारी 'मास्टर डॉक्युमेंट' नावाची सोय आहे, तिच्या वाटेला जाऊ नका, त्यात फाइली बिघडल्याच्या कहाण्या जुन्या आणि पुष्कळ आहेत.

कानामात्रा
मी वेगळ्या फाइलींच्या बाजूची. प्रत्येक प्रकरण वेगळं, स्टाइल्स एकाच साच्यातल्या, आणि शेवटी एकत्र. मार्गदर्शकांना एक प्रकरण पाठवायचं तर २०० पानं कशाला?

आळशी कासव
मी तिसऱ्या बाजूचा: फायनल, फायनल२, फायनल_खरंच, फायनल_खरंच_शेवटचं, आणि ज्यात काम चालू आहे ती 'नवीन फोल्डर (३)' मध्ये.

लेखणीमोड
खोडरबर, न उघडणाऱ्या फाइलवरून आठवलं. २००७ पासूनची वर्डची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे प्रत्यक्षात झिपचं गाठोडं असतं. एका मैत्रिणीची फाइल प्रबंध द्यायच्या दोन दिवस आधी उघडेना. पेन ड्राइव्हवरच उघडून काम करायची, जतन होत असताना ओढून काढला. आम्ही फाइलची प्रत केली, प्रतीच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि मोकळी केली. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. त्यात खुणांच्या जंगलात तिचा सगळा मजकूर, मीडिया फोल्डरमध्ये सगळी चित्रं. मांडणी गेली, शब्द वाचले. दर वेळी जमेलच असं नाही, कधी गाठोडंच फाटलेलं असतं. पण हात टेकण्याआधी करून बघावं.

अर्धविराम
एक छोटं. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १ असं हवंय. दोन तास झाले, एक बदललं की दुसरं बदलतंय.

टंकबहाद्दर
पहिल्या प्रकरणाच्या आधी साधा पेज ब्रेक असणार. तो काढा. 'लेआउट'मध्ये 'ब्रेक्स', त्यात 'सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज'. मग पहिल्या प्रकरणाच्या तळपट्टीत दोनदा क्लिक करा, आणि आकड्याला हात लावण्याआधी 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा. दोन तास इथेच गेले असणार. दुवा चालू असला की तळपट्टीतला कुठलाही बदल मागच्या भागातही होतो. त्यानंतर पृष्ठ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये 'स्टार्ट ॲट' १. मागच्या भागात जाऊन रोमन निवडा.

अर्धविराम
झालं! चार मिनिटांत.

अर्धविराम
तीन आठवड्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी.

तक्ता केला. ६४ पैकी १९ लेख गळाले, मला आता आठवतही नाही ते का घेतले होते. प्रूफवाचकांचं ऐकून टेलिकम्युटिंग या शब्दाने शोधलं, ११ नवे सापडले. सगळ्यात उपयोगी पडला तो "कसं मोजलं" रकाना. माणसांनी स्वतः सांगितलेले तास आणि संगणकाच्या नोंदीतले तास, हे दोन गट इतके वेगळे निघाले की त्याचं स्वतंत्र उपशीर्षक करावं लागलं. नॅव्हिगेशन पेनमध्ये आता डावीकडे सहा उपशीर्षकं दिसतात, त्यांतलं एकही लेखकाचं नाव नाही. मार्गदर्शकांनी या वेळी समासात चौदा शेरे दिलेत. चौदा! म्हणजे वाचलंय.

पण आता एक भुताटकी झालीय. अनुक्रमणिका ताजी केली तर त्यात मधोमध अख्खा परिच्छेद आलाय. नऊ ओळींचा. पृष्ठ क्रमांकासकट.

टंकबहाद्दर
त्या परिच्छेदाला चुकून हेडिंगची स्टाइल लागलीय, दिसायला बदलून साध्यासारखा केला असेल. अनुक्रमणिकेतल्या त्या ओळींवर कंट्रोल धरून क्लिक करा, मूळ जागी पोचाल. तिथे कर्सर ठेवून कंट्रोल+शिफ्ट+एन, म्हणजे साधी स्टाइल. मग अनुक्रमणिकेवर एफ९.

अर्धविराम
गेलं! धन्स टंकबहाद्दर.

त्या निमित्ताने तो परिच्छेद पुन्हा वाचला. "अमुक यांनी (२०१८) अभ्यास केला. त्यांना असे आढळले. तमुक यांनी (२०२०)..." 

निळी शाई
वर्डने बरोबर ओळखला म्हणायचा. :)